जिप्सीला ८२ की ८८? थर्मोस्टॅट, थर्मोस्विच आणि तो स्वस्तातला डिजिटल बोर्ड

मारुती जिप्सीला इलेक्ट्रिक फॅन बसवायचा म्हटलं की तीन गोष्टी विकत घ्याव्या लागतात: थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), फॅन चालू-बंद करणारा स्विच आणि रिलेसकट (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरिंग. पहिलीवर, ८२ अंशांचा घ्यायचा की ८८ चा, तासन्‌तास वाद झडतात आणि दुसरीवर कंजूषी केली जाते. खरं तर घाटात गाडी वाचवते ती दुसरीच.

मुळात फॅन बदलायलाच हवा का, हे आधी बघा. जिप्सीचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, व्हिस्कस कपलिंगवर (जाड तेलातून जोर देणाऱ्या जोडणीवर) बसतो. आतलं सिलिकॉन तेल शाबूत असेल तर हा प्रकार वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवा. जड लागला आणि लगेच थांबला तर कपलिंग ठीक आहे. सैल गरगरला किंवा कपलिंगच्या तोंडाशी तेलकट काळं दिसलं तर ते गेलं. इलेक्ट्रिक फॅनचं खरं समर्थन एकच: ओढ्यात गाडी घालणाऱ्यांना तो बंद करता येतो. बेल्टवरचा पंखा खोल पाण्यात फिरत राहिला की पाती पुढे वाकून रेडिएटरला भिडतात. शहरातल्या जिप्सीला चांगल्या अवस्थेतलं कपलिंग काढून काही मिळत नाही.

आता थर्मोस्टॅट. फ्लँजवर ठोकलेला आकडा म्हणजे झडप उघडायला सुरुवात होते ते तापमान. सुझुकीच्या जी सिरीज इंजिनांसाठी ८२ आणि ८८ असे दोन प्रकार चालतात. ८२ वाला पूर्ण उघडतो ९५ अंशांना, ८८ वाला १०० ला, आणि पूर्ण उघडल्यावर झडप किमान ८ मिलिमीटर उचललेली हवी. वादाचं उत्तर या आकड्यांतच आहे. इंजिन १०० च्या वर गेलं की आत ८२ बसलाय की ८८, याला काडीचाही अर्थ उरत नाही. दोन्ही सताड उघडे असतात. थर्मोस्टॅट खालची मर्यादा ठरवतो. वरची मर्यादा रेडिएटर आणि फॅन ठरवतात. गाडी गरम होते म्हणून कमी आकड्याचा थर्मोस्टॅट घालणं म्हणजे दुखणं पोटात आणि पट्टी पायाला.

मग निवड कशावरून करायची? मॅन्युअलमध्ये तुमच्या इंजिनासाठी जो आहे तोच. दोन्ही चालत असतील तर कोकण किनारपट्टी, मराठवाडा, विदर्भ अशा उष्ण भागात ८२ घ्या. फॅनच्या स्विचचा आकडा ठरवताना तापमानात थोडी जास्त मोकळीक मिळते, एवढंच. ७१ किंवा ७६ चे 'रेसिंग' थर्मोस्टॅट मात्र एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) जिप्सीत घालू नयेत. इंजिन कायम कोमट राहिलं तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. ओबीडी (स्वतःचे बिघाड कोडने सांगणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पी०१२८ हा कोड येतो तो याच कारणाने.

'काढूनच टाका हो, आपल्याकडे काय बर्फ पडतो का' हा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. काढला तर इंजिन तापायला बराच जास्त वेळ घेतं. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची दुसरी चकती बायपास बंद करते, तिथे तर उलटाच परिणाम होतो. बायपास उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, आणि चढावर गाडी आधीपेक्षा लवकर तापते.

ब्रँडबद्दल थोडक्यात. मारुतीचा ओरिजिनल, जपानी टामा, गेट्स, माले, यांपैकी कोणताही बिनधास्त घ्या. आकडा न ठोकलेला, प्लास्टिकच्या पिशवीतला सुटा माल घेऊ नका. किमतीतला फरक काहीशे रुपयांचा आणि हेड गॅस्केटचं काम हजारोंचं. दुकानातच तो उजेडासमोर धरा. बंद झडपेच्या कडेने चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर परत द्या. जिगल व्हॉल्व्हची, म्हणजे अडकलेली हवा सोडणाऱ्या छिद्रातली, छोटी पिन हलवली की सुटी हलायला हवी.

बसवण्याआधी घरी तपासणं अर्ध्या तासाचं काम आहे. झडपेच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता ठेवा. तो किंवा थर्मामीटर, दोन्ही भांड्याच्या बुडाला टेकता कामा नयेत. आच मंद, पाणी ढवळत राहायचं. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट बुडाशी पडतो. तो क्षण म्हणजे उघडण्याचं तापमान. दोन अंश इकडेतिकडे चालेल, पाच नाही. पूर्ण उघडण्याची चाचणी करताना उंचीचा घोळ होतो. पुण्यात साधं पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ लाच. म्हणजे ८८ वाला पुण्यात नुसत्या पाण्यात पूर्ण उघडलेला दिसणारच नाही, आणि तो खराब आहे असं समजून लोक फेकतात. अशा वेळी अर्धं कूलंट अर्धं पाणी घ्या, उकळबिंदू शंभरीच्या पुढे जातो. भांडं मात्र जुनं, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायचं. ग्लायकॉल विषारी असतं.

बसवताना जिगल व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा. खाली गेला तर हवा अडकते, थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी वाफेचा स्पर्श होतो आणि तो उशिरा उघडतो. गॅस्केटला सिलिकॉन लावायचंच असेल तर बोटावर पुसट. आत सुटलेला गोळा रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो.

फॅनच्या स्विचमध्ये दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे रेडिएटरच्या टाकीत बसणारा पितळी थर्मोस्विच, एम२२ आट्यांचा. त्यावर '९२-८७' असं काही लिहिलेलं असतं: ९२ ला चालू, ८७ ला बंद. जिप्सीच्या रेडिएटरला ही जागा नसते, म्हणून होज पाइप कापून मधे ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर टाकतात. इथे ठरलेली चूक होते. ॲडॅप्टर दोन रबरांच्या मधे लोंबतो, त्याला बॉडीचं अर्थिंग मिळत नाही. एका पिनचा स्विच घेतला तर बॉडीवर वेगळी वायर न्यावीच लागते. दोन पिनचाच घ्या, कटकट संपली.

कोणता आकडा, हे स्विच कुठे बसतो त्यावर. वरच्या होजमध्ये, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पाण्यात असेल, तर ८२ च्या थर्मोस्टॅटला ९५-९० चा स्विच योग्य. ८८ च्या थर्मोस्टॅटला १०० च्या आसपास चालू होणारा हवा, आणि तो ९५ च्या खाली बंद होणारा नको. खालच्या होजमध्ये पाणी थंड होऊन आलेलं असतं, तिथे ८८-८३ किंवा ९२-८७ चालतो. नियम एकच: वरच्या होजमध्ये फॅन बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा किमान पाच अंश वर हवं. ८८ चा थर्मोस्टॅट आणि वर ८८-८३ चा स्विच, या जोडीत फॅन एकदा लागला की किल्ली काढेपर्यंत थांबत नाही, आणि दोष येतो बिचाऱ्या मोटरवर. तापमान वर किती जाऊ द्यायचं? ०.९ बार दाबाच्या रेडिएटर कॅपखाली साधं पाणीसुद्धा साधारण ११८ ला उकळतं. पण कॅपचं रबर कडक झालं असेल तर हा सगळा हिशेब गेला. कॅप आधी बदला.

दुसरा पर्याय म्हणजे डब्ल्यू १२०९ हा चिनी डिजिटल बोर्ड. स्वस्त, आकडा डोळ्यांसमोर, हवं ते तापमान लावता येतं. प्रयोगापुरता फार छान. बोर्डाच्या सेटिंगमध्ये पी-० ला 'सी' (कूलिंग) हवं. 'एच' राहिलं तर इंजिन थंड असताना फॅन फिरेल आणि तापल्यावर बंद पडेल. पी-१ मध्ये (चालू-बंदमधला फरक) ५ ठेवा, म्हणजे तापमान ९५ लावलं असेल तर फॅन ९५ ला लागून ९० ला थांबेल. पी-५ (सुरू व्हायचा उशीर) शून्य. सेन्सर होजला टायने बांधू नका, रबरामुळे तो कमी आणि उशिरा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या धातूच्या टोपणाला घट्ट बांधून वरून फोमचा तुकडा गुंडाळा. बोर्डावरच्या रिलेतून फॅनचा करंट नेऊ नका; त्याने फक्त गाडीचा मोठा रिले ओढायचा.

तरी कायमस्वरूपी वापरासाठी हा बोर्ड नको. सेन्सर तापमानासोबत प्रतिकार कमी करणारा आहे. वायर तुटली की प्रतिकार अमाप वाढतो, बोर्डाला वाटतं इंजिन बर्फासारखं गार आहे, आणि फॅन लागतच नाही. बॉनेटखालची धूळ, पावसाळी ओल आणि खडखडाट यांत ही वायर किंवा तिचं कनेक्टर कधीतरी दगा देणारच. पितळी स्विचलाही मरण आहे, पण त्यात बिघडण्यासारखं फार कमी असतं.

वायरिंग कोणताही स्विच घेतला तरी तेच. ४० ॲम्पिअरचा रिले, त्याच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीहून फ्यूजमधून ४ चौरस मिमीची वायर, ८७ वरून फॅन, ८६ ला इग्निशनचा सप्लाय, ८५ थर्मोस्विचमधून अर्थला. बारा इंची फॅन साधारण १० ते १५ ॲम्पिअर खातो, सुरू होताना त्याहून बराच जास्त. २५ चा फ्यूज पुरतो, आणि तो बॅटरीजवळच हवा. डॅशवर दोन बटणं द्या. एक थर्मोस्विचला समांतर, तो मेला तरी फॅन हाताने लावायला. दुसरं ८६ च्या वायरमध्ये, ओढ्यात शिरताना फॅन तोडायला. एसी असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचच्या वायरवरून वेगळा रिले घेऊन त्याच फॅनला जोडा. शेवटी इंजिन बंद ठेवून फॅन लावा आणि ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. जाळीला चिकटला तर बरोबर. उडाला तर फॅनच्या दोन वायरी उलट्या लागल्यात.

पाचपैकी गुण: ८२ चा ओरिजिनल थर्मोस्टॅट साडेचार, दोन पिनचा पितळी थर्मोस्विच चार, डब्ल्यू १२०९ दोन, आणि तेही फक्त योग्य आकडा शोधण्यापुरता तात्पुरता लावणार असाल तर.