बाटल्या द्या, पैसे घ्या : सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या सेंटरचा अनुभव

भाचीच्या लग्नातल्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांची दोन पोती घरात पडलेली, आई रोज ओरडायची, शेवटी गाडीवर लादून सात रस्त्याजवळच्या कलेक्शन सेंटरला नेली. भंगारवाल्यापेक्षा किलोमागे थोडे जास्त मिळाले, पण काटा जरा डुगडुगत होता, पुन्हा ठेवायला लावलं तर शंभर ग्रॅम वाढले की राव! तेवढं बघून घ्या.

भाव जास्त कसा परवडतो विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला, कंपन्यांचा पैसा आहे. खरंय, 2022 पासून ईपीआरचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीवर टाकणारे नियम कडक झालेत, जी कंपनी प्लास्टिक पॅकिंगमध्ये माल विकते तिनं ते गोळा करून रिसायकल झाल्याचा हिशोब द्यायचा, नाहीतर नोंदणीकृत रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घ्यायचं. म्हणजे फुकटात समाजसेवा नाही ही.

झाकणं वेगळी मागतात, कारण बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं. त्यानं बादलीत टाकून दाखवलं, बाटलीचे तुकडे बुडाले, झाकणं तरंगली. त्या चुऱ्याचा पुढं पॉलिस्टर धागा होतो म्हणे, आपल्या सोलापुरी चादरीत नका घालू म्हणजे झालं.

दुपारी जाऊ नका, कुलूप असतं. चार स्टार.