औषधी पॅच: पिशवीचा की गोंदाचा?

एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी त्वचेवरचा पॅच करायला घेतलात, की पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं: औषध पिशवीत भरायचं (रिझर्व्हॉयर) की थेट गोंदात मिसळायचं (मॅट्रिक्स)?

रिझर्व्हॉयरमध्ये औषधाचं जेल पाठीचा (पॅचच्या बाहेरच्या बाजूचा) थर आणि पातळ पडदा यांच्यामध्ये कोंडलेलं असतं. जेल संपृक्त आहे तोवर पडद्यातून औषध जवळपास एकाच वेगाने झिरपतं, हे त्याचं मोठं बळ. पण पिशवी फाटली तर? फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. २००८ मध्ये अमेरिकेत कड कापली गेलेले असे पॅच परत मागवावे लागले, कारण गळालेलं जेल अंगाला लागलं तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. शिवाय कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिशवी नीट सील करणं फार जिकिरीचं.

मॅट्रिक्स करायला सोपा: मिसळा, लायनरवर (पॅच लावताना सोलून टाकतात त्या थरावर) पसरा, सुकवा, वर पाठ चढवा, कापा. गळायला काही नाहीच. औषध कमी होत जाईल तसा वेग उतरतो, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. मला तो अर्धाच पटतो. कित्येक औषधांना खरी अडवणूक त्वचेचा जेमतेम १०–२० मायक्रोमीटर जाडीचा मृत थर करतो. तिथे पडदा घालून हाती फारसं काही लागत नाही.

म्हणून निवड करण्याआधी एक प्रयोग कराच. साधी मॅट्रिक्स फिल्म फ्रान्झ सेलवर (त्वचेतून खालच्या द्रवात किती औषध उतरतं ते मोजायचं पात्र) ३२ अंशांना लावा, एकदा डुकराच्या कानाच्या त्वचेवर आणि एकदा नुसत्या सच्छिद्र पडद्यावर. त्वचेतून येणारं औषध खूपच कमी असेल, तर मॅट्रिक्स घ्या. दोन्ही आकडे जवळ आले आणि औषधाची सुरक्षित मर्यादा अरुंद असेल, तरच रिझर्व्हॉयरचा खटाटोप करा. खालच्या द्रवात औषध पुरेसं विरघळतं ना, हे आधी तपासा. नाहीतर दोन्ही आकडे फसवे.

मॅट्रिक्सचा धोका उशिरा दिसतो. पार्किन्सन्सवरच्या रोटिगोटिन पॅचमध्ये औषधाचे स्फटिक धरले, म्हणून तो २००८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेला आणि २०१२ मध्येच परतला. स्फटिक झालेलं औषध त्वचेत नीट शिरत नाही. तेव्हा फिल्म केल्या दिवशीच काही तुकडे बाजूला ठेवा आणि दर महिन्याला ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. प्रबंध लिहायला बसाल तेव्हा हे महिने मागे जाऊन मिळवता येत नाहीत.