विचर, रेड डेड की डिस्को एलिझियम? कथेसाठी गेम निवडताना

एकट्याने खेळायच्या एखाद्या गेमची कथा चांगली आहे असे म्हणताना आपण बहुधा त्यातल्या कटसीनविषयी, म्हणजे नुसत्या पाहायच्या चित्रपटासारख्या दृश्यांविषयी, बोलत असतो. संवाद कसे लिहिले आहेत, आवाज कसे लागले आहेत, चेहरे किती जिवंत वाटतात, यावर मत बनते. माझ्या मते गेमच्या कथेचा कस लागतो तो कंट्रोलर आपल्या हातात असताना, कारण पात्राचे बोलणे आणि आपल्या हातांनी होणारी कृती यांचा मेळ बसला नाही, तर उत्तम संवादही उपरे वाटू लागतात. हिंजवडीहून रात्री घरी पोहोचल्यावर ज्याला जेमतेम तासभर मोकळा मिळतो आणि सध्या एकच गेम विकत घ्यायचा आहे, अशा वाचकासाठी ‘द विचर ३’, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ आणि ‘डिस्को एलिझियम’ या तिघांकडे येथे याच निकषाने पाहिले आहे.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने मे २०१५ मध्ये आणलेल्या ‘विचर ३’चे मूळ कथानक साधे आहे. पैसे घेऊन राक्षस मारणारा गेराल्ट आपल्या मानलेल्या मुलीचा, सिरीचा, शोध घेत असतो. खरे लेखन दिसते ते वाटेतल्या माणसांत. वेलेनच्या दलदलीत भेटणाऱ्या बॅरनची बायको आणि मुलगी नाहीशा झालेल्या असतात. त्यांचा माग काढून दिल्यास तो सिरीची माहिती देणार असतो. त्याच्या घरात तपास करता करता दारू, मारहाण आणि पत्नीचा झालेला गर्भपात या गोष्टी एकेक करून उघड होतात. नीट न पुरलेल्या त्या अर्भकाचे पिशाच्च झालेले असते. त्याला मारून टाकता येते, किंवा बॅरनलाच ते कडेवर घेऊन घरापर्यंत चालत न्यायला लावता येते, जेणेकरून त्याला नाव देऊन उंबऱ्याखाली पुरता येईल. आपण दुसरा मार्ग घेतला, तर त्या वाटेवर भुतांशी लढायचे आणि हातातले पिशाच्च बिथरले की त्याला शांत करायचे काम आपल्याकडे येते. ज्याचा मघाशी तिटकारा आला, त्याच माणसाचे रक्षण आपण करत असतो, आणि त्याला क्षमा करावी की नाही हे गेम कोठेही सांगत नाही. निर्णयांचे परिणाम पुष्कळ उशिरा समोर येतात, त्यामुळे जुने सेव्ह उघडून चूक दुरुस्त करण्याची सोयही फारशी उरत नाही.

दोषही आहेत. नोव्हिग्राड शहरातला भाग रेंगाळतो. शिवाय मुलीच्या जिवावर बेतलेले असताना बाप सरायीत बसून ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे डाव टाकतो, ही विसंगती खेळाडूने आपापली पचवायची असते. (ग्वेंट इतका रंगतदार आहे की बहुतेकांना ती पचते.)

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आणि पुढच्या वर्षी पीसीवर आला. सन १८९९, अमेरिकेतले गुन्हेगार टोळ्यांचे दिवस भरत आलेले, आणि डच नावाच्या म्होरक्याच्या टोळीतला आर्थर मॉर्गन हा नायक. येथे आपल्या निर्णयांनी फुटणाऱ्या कथेच्या शाखा थोड्या आहेत. आपल्या वागण्याने आर्थरची पत तेवढी वरखाली होते आणि तिचा रंग शेवटावर चढतो. कथेचे बळ सहवासात आहे. तळावर परतावे, शिकार स्वयंपाक्याच्या हवाली करावी, शेकोटीशी बसून कोणाचे तरी गाऱ्हाणे ऐकावे, असे करता करता ती माणसे ओळखीची होतात. आर्थरची वही तर मुद्दाम उघडून पाहावी. फारसे न बोलणारा हा दांडगा माणूस तिच्यात पक्षी आणि झाडे रेखाटतो, भेटलेल्या माणसांबद्दल लिहितो, आणि तोंडाने कबूल न केलेल्या शंका तेथे कागदावर उतरतात.

मात्र माझ्या निकषावर हाच गेम सर्वांत जास्त अडखळतो. मिशनबाहेर सारे रान मोकळे असते. मिशन सुरू झाले की ठरलेल्या वाटेपासून जरा दूर गेल्याबरोबर ते फसल्याची पाटी येते. सुरुवातीचा बर्फातला अध्यायही संथ आहे. तरीही या तिघांत शेवटाकडचा सर्वांत परिणामकारक भाग याच गेमचा आहे, असे मी म्हणेन.

‘डिस्को एलिझियम’ (२०१९) मध्ये लढाई जवळजवळ नाहीच. दारूच्या नशेत स्मृती घालवून बसलेला एक पोलीस, वसतिगृहामागच्या झाडाला लटकलेले प्रेत, आणि नायकाच्या डोक्यात भांडणारी २४ कौशल्ये, एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. पंख्याला अडकलेला स्वतःचा टाय ओढताना हृदयविकाराने नायक पहिल्याच खोलीत मरू शकतो. एखादी कृती साधते की नाही हे फाशांवर ठरते, पण फासे उलटे पडले तरी कथा बहुधा अडत नाही, वेगळ्या आणि अनेकदा अधिक विनोदी वाटेने पुढे जाते. पात्राचे दुबळेपण आणि खेळाचे नियम इतके एकजीव झालेले मी अन्यत्र पाहिलेले नाहीत. पण यात अक्षरशः लाखो शब्द आहेत आणि इंग्रजी राजकीय, उपरोधिक वळणाचे आहे. तिन्हींत मराठी सबटायटल्स नाहीत. ती उणीव याच गेममध्ये सर्वांत जास्त जाणवेल.

निवड गाजलेल्या परदेशी नावांपुरती ठेवायची नसेल, तर पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) आहे. भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणातून सांगणे ही कल्पना उत्तम, सावल्यांच्या बाहुल्यांची दृश्ये देखणी. परंतु कथा ऐन रंगात येताच तुटते. गावचा गेम म्हणून गुण वाढवून देण्यात अर्थ नाही. काही तासांत संपणारा आणि नजरेला सुख देणारा म्हणून तो जरूर घ्यावा.

रोज तासभरच मिळत असेल तर मी ‘विचर ३’ सुचवेन. मुख्य कथा ५० तासांच्या आसपास असली तरी उपकथा बैठकीच्या मापाच्या आहेत आणि लढाई चालू नसताना बहुधा कधीही सेव्ह करता येते. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात राहणाऱ्याला ही बाब क्षुल्लक वाटणार नाही. ‘रेड डेड’मध्ये मिशनच्या मध्ये स्वतःहून सेव्ह करता येत नाही. लॅपटॉप साधा असेल आणि वाचनाची आवड असेल, तर ‘डिस्को’ घ्यावा. संवाद किंवा वाचन चालू असतानाच त्यातले घड्याळ पुढे सरकते, त्यामुळे नुसते भटकण्यात वेळ वाया जात नाही. ‘रेड डेड’ला सलग दोन-तीन तासांची बैठक लागते, म्हणून तो दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा, आणि पीसीवर त्याला सुमारे १५० जीबी जागा लागत असल्याने डाउनलोड सुट्टी लागण्याच्या एक-दोन रात्री आधीच लावून द्यावे.