देर अल-मदिना: लक्झरला गेलात तर गाइड घेऊनच बघा

इजिप्तमधल्या लक्झरला नाईलच्या पश्चिम काठावर बहुतेक टूरवाले राजांची दरी, हत्शेपसुतचं मंदिर आणि मेम्नॉनचे दोन पुतळे दाखवून जेवायच्या वेळेला परत आणतात. देर अल-मदिना त्यांच्या यादीत नसतं. आम्ही दोघांनी ते मुद्दाम वेगळं ठरवून घेतलं. हॉटेलातून गाडी, सोबत परवान्याचा गाइड, सकाळपासून दुपारपर्यंत. सगळ्या इजिप्त प्रवासात पैसे खरे वसूल झाले ते इथे.

राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली, गिलावा करून रंगवली, त्या कारागिरांचं हे गाव. चारशेहून जास्त वर्षं इथे वस्ती होती. गावकुसाच्या आत ६८ घरं. आता भिंतींचे खालचे थर उरलेत, पण गल्लीतून चालता येतं. एकेक घर लांबट आणि अरुंद, खोल्या एकामागे एक, मागच्या टोकाला चूल. गावात पाण्याचा थेंब नाही, ते खालून गाढवांवर यायचं. पाण्यासाठी खोल खड्डा खणला तरी लागलं नाही. मग त्यात कचरा पडत गेला, आणि त्याच कचऱ्यात लिहिलेल्या खापऱ्या आणि चुनखडीच्या कपच्या हजारोंनी सापडल्या. या लोकांचे हिशेब, भांडणं, उधाऱ्या त्यातूनच कळल्या.

माझी नोकरी सोलापूरच्या गिरणीत, टाइम ऑफिसला झाली. मस्टर, खाडे, रजा, पगारपत्रक. गाडीत बोलता बोलता हे गाइडला सांगितलं आणि त्याने अख्खी फेरी त्या अंगाने दाखवली. यासाठीच मी त्याला पूर्ण गुण देतो. फाइलमधून त्याने एका कपचीचा फोटो काढला. मूळ कपची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरा रामेसिस या राजाच्या कारकिर्दीतल्या ४० व्या वर्षाची हजेरी! उजवीकडे ४० कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत, आणि तारखेच्या डोक्यावर लाल शाईत कारण. डोळे आलेत. विंचू चावला. बिअर गाळायची होती. आईचं प्रेत गुंडाळायचं होतं. मी ते पान बराच वेळ हातातून सोडलं नाही. खाड्याचं कारण लिहून ठेवणारा कारकून माणसांना ओळखून असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

टोळी दोन भागांत, डावी आणि उजवी, प्रत्येकीला मुकादम. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. पगार धान्यात: साध्या कामगाराला महिन्याला चार खार खपली गहू आणि दीड खार सातू, शिवाय मासे, भाजी, तेल. एक खार म्हणजे साधारण ७६ लिटरचं माप. तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, हा शिधा थकला. महिन्याचे १८ दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, असं म्हणत कामगार चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. भूक आणि तहानेने आम्हाला इथे आणलं, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. हे राजाला कळवा, असं त्यांनी बजावलं. अमेननख्त नावाच्या लेखनिकाने ते लिहून ठेवलं, तो पपायरसचा कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप म्हणतात तो हाच. परतताना गाइडने रामेसियमपाशी, म्हणजे दुसऱ्या रामेसिसच्या मंदिरापाशी, गाडी थांबवली: "इथेही येऊन बसले होते." आमच्या गिरणीतले संप मी जवळून पाहिलेत, त्यामुळे तिथून लवकर पाय निघेना.

गावातल्या कारागिरांच्या स्वतःच्या थडग्यांपैकी सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं चुकवू नका. १८८६ मध्ये ते न फुटलेलं सापडलं. आतल्या वस्तू बाहेर गेल्या, चित्रं जागेवर आहेत. जिना उभा, दार ठेंगणं, आत वाकूनच शिरावं लागतं. कमानदार छताची खोली आपल्या स्वयंपाकघराएवढीच, आणि भिंतींवर सगळीकडे पिवळ्या पार्श्वभूमीवर चित्रं. एका भिंतीवर परलोकातलं शेत. सेन्नेजेम विळ्याने कणसं कापतोय, मागून बायको इयनेफेर्ती ती गोळा करतेय. खालच्या पट्टीत तो बैलजोडी हाकतोय आणि ती पेरतेय. दोघांच्या अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रं, कडेने निळा कालवा. दुसऱ्यांची थडगी रंगवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतःसाठी केलेलं हे काम, आणि रंग काल लावल्यासारखे ताजे. मुकादम इन्हेरखाऊच्या थडग्यात झाडाखाली सापाला कापणारं मांजर आहे, तेही नीट बघा.

तक्रार एकच. परतीला ड्रायव्हरने अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या दुकानात नेलं आणि तिथे बराच वेळ गेला. गाडी ठरवतानाच "दुकान नको" असं स्पष्ट सांगा. आत गर्दी झाली की गाइडला बोलता येत नाही, म्हणून चित्रांची माहिती बाहेरच विचारून घ्या. गुडघे दुखत असतील तर इन्हेरखाऊ सोडा, सेन्नेजेम सोडू नका. पाशेदू या आणखी एका कारागिराच्या थडग्याचं तिकीट वेगळं असतं, ते बाकीच्या तिकिटांबरोबर आधीच मागून घ्या.