जुना रेडिओ माइक घ्यायचाय: रिबन की डायनॅमिक?

जुन्या छायाचित्रांत निवेदकापुढे औषधाच्या कॅप्सूलसारखा दिसणारा माइक म्हणजे आरसीए ७७-डीएक्स. त्याच्या रूपावर भाळण्याआधी एकच तपासा: तुमचा प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) किती गेन, म्हणजे किती वाढ, देतो?

७७ काय किंवा त्याच्या आधीचा, १९३०च्या दशकातला ४४ काय, दोन्ही रिबन माइक. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये केसाहून कितीतरी पातळ अॅल्युमिनियमची पट्टी टांगलेली असते. ती हलली की सिग्नल निघतो, पण अगदी क्षीण. साध्या बोलण्यासाठीही ६० डेसिबलच्या वर गेन लागतो. स्वस्त इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) गेन शेवटपर्यंत फिरवला की निवेदनाखाली सळसळ ऐकू येते. मध्ये २०-२५ डेसिबलचा बूस्टर लावला तर काम भागतं, पण त्याचा खर्च हिशेबात धरा.

बदल्यात मिळतो तो आवाज मात्र खास. स-श बोचत नाहीत, खर्ज भरदार येतो. ४४ पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूंनी बहिरा. म्हणून नभोनाट्यात दोन नट समोरासमोर उभे राहून एकाच माइकवर बोलू शकत. तुमच्या खोलीत मात्र हीच मागची बाजू भिंतीचा घुमारा आणि पंखाही तितक्याच इमानाने टिपेल. फूट-दोन फुटांवरून बोलावं लागतं. अगदी तोंडाशी धरलात तर आवाज बुजतो, आणि ‘प’, ‘फ’च्या फुंकरीने पट्टी ताणलीही जाते.

डायनॅमिकचे (यात पट्टीऐवजी पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं हलतं) एवढे लाड नाहीत. इलेक्ट्रोव्हॉइस ६३५ए चारही दिशांनी ऐकतो, त्यामुळे जवळ गेलं तरी खर्ज फुगत नाही. दणकटही आहे. त्याच कंपनीचा १९६८चा आरई२० तर आजही बनतो, म्हणजे सुटे भाग शोधत फिरायला नको. गेन त्यालाही बऱ्यापैकी लागतो. १९३९चा शुअर ५५ दिसायला राजबिंडा, पण मला त्याचा आवाज नाकातला वाटतो. मंचावर ठेवायला उत्तम.

क्रिस्टल माइक टाळा. आतलं रोशेल सॉल्टचं स्फटिक उष्णता आणि दमटपणा दोन्हींनी खराब होतं. कार्बन माइक फक्त ‘जुन्या टेलिफोनवरचा आवाज’ हवा असेल तरच.

एकट्याचं निवेदन, साधी खोली: डोळे झाकून ६३५ए किंवा आरई२०. गायन, पितळी वाद्यं, शांत खोली आणि चांगला प्रीअँप असेल तर रिबन. त्यातही पहिलाच असेल तर कोल्स ४०३८ नवा घ्यावा. बीबीसीचीच जुनी रचना आहे आणि पट्टी ताजी मिळते.

जुनाच रिबन घेणार असाल तर पट्टी कधी बदलली ते विचारा. फँटम पॉवर (प्रीअँपमधून केबलवाटे माइकला जाणारी वीज) बंद ठेवा, कारण सदोष केबलमधून ती पट्टीपर्यंत पोचली तर खेळ संपला. माइक उभाच ठेवा. आणि ७७चा नमुना ऐकताना खर्ज गायब वाटला तर लगेच नाकारू नका. त्याच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा खटका असतो: एम संगीतासाठी, व्ही१ आणि व्ही२ बोलण्यासाठी. विकणाऱ्याने तो व्ही२वरच ठेवलेला असू शकतो.