रॉमचा पहिला खंड: सात महिने रोज हाताळल्यानंतर

'रॉम: स्पेसनाइट' या मार्व्हलच्या अमेरिकन कॉमिकच्या जुन्या अंकांचा पहिला जाडजूड खंड माझ्याकडे येऊन सात महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसता आनंद लिहिला गेला असता. आता २९ अंक दोनदा वाचून झालेत, काही तर चार-पाच वेळा, म्हणून लिहितोय.

आमचे बाबा मुंबईच्या फोर्टात नोकरीला होते. पगाराच्या दिवशी फाउंटनच्या फुटपाथवरून माझ्यासाठी काही ना काही यायचं. १९८४ च्या सुमारास एकदा मुखपृष्ठ नसलेला एक अमेरिकन कॉमिक आला. तो रॉमचा सतरावा अंक होता, हे मला फार नंतर समजलं. इंग्रजी जेमतेम यायचं. एका घरातला मुलगा, त्याच्या बापाचं भयंकर गुपित आणि दारात उभा चंदेरी यंत्रमानव, एवढं चित्रांवरून कळलं. गोष्ट क्रमशः होती आणि अठरावा अंक कधी मिळालाच नाही. तो शेवट मी या जानेवारीत वाचला. काय होतं ते सांगत नाही, पण वाचून झाल्यावर बराच वेळ पुस्तक तसंच उघडं ठेवून बसलो होतो.

ज्यांना रॉम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. रॉम मुळात खेळणं. १९७९ साली पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने ते बाजारात आणलं. बोर्डगेम काढणारी कंपनी, अशा खेळण्यांत नवखी. ज्यांनी ते बनवलं त्यांनी नाव ठेवलं होतं कोबोल, संगणकाच्या भाषेवरून. कंपनीने बदलून रॉम केलं, संगणकातल्या रीड ओन्ली मेमरीवरून. डोळे हिरवे व्हायचे होते, पण हिरव्यापेक्षा लाल एलईडी स्वस्त, म्हणून लाल झाले. हातपाय फारसे हलायचे नाहीत. दिवे लागायचे, आवाज यायचे, बास. खेळणं लवकरच बाजारातून गेलं.

त्याची जाहिरात व्हावी म्हणून सुरू झालेला कॉमिक मात्र १९७९ च्या डिसेंबर अंकापासून १९८६ पर्यंत चालला, पूर्ण ७५ अंक. याचं श्रेय मी बिल मँटलो या लेखकाला देतो. त्याच्या हातात काय होतं? एक ठोकळ्यासारखा पुतळा आणि त्याची तीन हत्यारं-अवजारं. त्याने त्यातून एक माणूस उभा केला. गॅलाडोर ग्रहावरचा तरुण आपला ग्रह वाचवण्यासाठी स्वतःचं शरीर देतो, यंत्राच्या चिलखतात शिरतो आणि डायर रेथ नावाच्या रूप बदलणाऱ्या शत्रूंच्या मागे दोनशे वर्षं फिरत शेवटी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लेअरटन या छोट्या गावात उतरतो. रेथ माणसांच्या रूपात गावात मिसळलेले. त्याच्या ॲनालायझरच्या लाल प्रकाशात खरं रूप दिसतं, पण ते फक्त त्याला. मग तो न्यूट्रलायझर हे हत्यार चालवतो, समोरचा लिंबो नावाच्या दुसऱ्याच मितीत फेकला जातो आणि मागे राख उरते. बघणाऱ्यांना काय दिसलं? एका लोखंडी राक्षसाने आपल्या शेजाऱ्याची भरदिवसा राख केली.

माझी अकरा वर्षांची लेक पहिला अंक वाचताना इथेच थांबली.

"बाबा, हा सांगत का नाही कुणाला?"

"सांगतो गं. पण कोण विश्वास ठेवणार?"

"ब्रँडी ठेवते ना."

ठेवते. क्लेअरटनमधली ब्रँडी क्लार्क ठेवते, आणि पुढची सगळी मालिका त्या एका माणसाच्या विश्वासावर उभी आहे. मी लहानपणी हे हाणामारीचं कॉमिक समजत होतो. आता वाचताना पानापानावर त्याचा एकटेपणा दिसतो.

आणि चित्रं! या खंडातलं काम सॅल ब्युसेमाचं. रॉमला तोंड नाही. भुवया नाहीत, गाल नाहीत. चौकोनी डोकं आणि दोन लाल डोळे. असा चेहरा घेऊन दुःख कसं काढायचं? ब्युसेमा ते खांद्यांतून काढतो. मान जराशी खाली, एक हात अर्धा पुढे आणि बोटं सैल सोडलेली. मी एका संध्याकाळी कागदाने संवादांचे फुगे झाकून चार-पाच पानं नुसती पाहिली. गोष्ट तर कळतेच, पण रॉमला काय वाटतंय तेही कळतं. चित्रकला शिकणाऱ्या कुणीही हा प्रयोग करून पाहावा.

आता वापराचं. पुस्तक भयंकर जड आहे. आडवं पडून वाचणं विसरा. मी आजीचं पोथी ठेवायचं लाकडी स्टँड माळ्यावरून काढलं आणि तेव्हापासून सुख आहे. मधली पानं त्यावर छान पसरतात. सुरुवातीची पन्नासेक आणि शेवटची मात्र हाताने धरावी लागतात. पार्सल आलं तेव्हा खालचा कोपरा चेपलेला होता. विक्रेत्याकडे तक्रार केली, दोन मेल गेले, पुढे काही झालं नाही. बांधणी शाबूत होती म्हणून ठेवून घेतलं. आमच्याकडच्या पावसाळ्यात मात्र काळजी घ्या. जुलैत कपाटातून काढलं तर कडांना दमट वास येत होता. तेव्हापासून शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि आठवड्यातून एकदा सगळी पानं चाळतो. चाळताना कुठेतरी अडकतोच, हा भाग वेगळा.

रंगांशी जुळवून घ्यायला मला दोन महिने लागले. फुटपाथवरचा तो अंक मी अजून जपून ठेवलाय. कागद चहाच्या रंगाचा झालाय, जवळून पाहिलं तर रॉमच्या निळसर सावल्यांत छपाईचे ठिपके दिसतात आणि लाल रंग डोळ्यांच्या रेषेबाहेर किंचित सरकलेला. नव्या खंडात पांढराशुभ्र कागद आणि सपाट, स्वच्छ रंग. आधी परकं वाटलं. मग लक्षात आलं, की शाईच्या बारीक रेषा जुन्या अंकात गढूळल्या होत्या, त्या इथे मोकळ्या झाल्यात. तरी रात्रीच्या पानांवरची जुनी धूसर भीती मला त्या चहाच्या कागदावरच जास्त लागते.

हे पुस्तक निघायला इतकी वर्षं का लागली, तर हक्कांमुळे. रॉम खेळण्याच्या कंपनीचा, म्हणजे पुढे ती ज्यांच्याकडे गेली त्या हॅस्ब्रोचा. त्याच्याभोवतीचं बरंचसं जग मार्व्हलचं. एकमेकांशिवाय दोघेही अडलेले. २०१६ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने नवा रॉम काढला, पण ही जुनी गोष्ट तिथे येऊ शकत नव्हती. शेवटी २०२४ च्या सुरुवातीला हा खंड आला. मँटलो तोवर लिहिण्याच्या पलीकडे गेला होता. कॉमिक्स सोडून तो वकील झाला होता, न्यूयॉर्कमध्ये गरिबांचे खटले लढायचा. १९९२ साली स्केटिंग करताना त्याला एका गाडीने उडवलं, गाडी थांबली नाही, आणि मेंदूला झालेल्या इजेतून तो पूर्वीसारखा कधी उठला नाही. शरीरात अडकलेल्या माणसाची गोष्ट त्याने सात वर्षं लिहिली होती. हे कळल्यापासून पहिल्या पानावरचं त्याचं नाव माझ्याकडून घाईने ओलांडलं जात नाही.

घ्यावं का? लहानपणी रॉमचा एक जरी अंक हातात आला असेल तर जरूर घ्या, किंमत जड असली तरी. नव्याने वाचणाऱ्यांनी पहिले चार-पाच अंक धीर धरावा. तेव्हा दर अंकात मागची गोष्ट पुन्हा सांगत, ते सलग वाचताना जाणवतं. मी रोज एकच अंक वाचायचा नेम केला आणि तो या पुस्तकाला मानवला. सतरा-अठरा आणि ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो ते सव्वीस-सत्तावीस हे अंक मात्र जोडीने वाचा.

दुसरा खंड मागवलाय. लेक अजून सोळाव्या अंकावर आहे. तिच्या उद्याच्या अंकासाठी मी चहाच्या रंगाचा तो जुना अंक कपाटातून काढून स्टँडशेजारी ठेवलाय. सतरावा तिने त्यातच वाचायचा, आणि अठरावा लगेच, त्याच बैठकीत.