फ्लेक्स: कोश आणि व्याकरण एकाच दावणीला

कोरकू किंवा निहालीसारख्या आदिवासी भाषेचं व्याकरण लिहायला घेतलं की पहिले काही महिने एक्सेलचा तक्ता पुरतो. मग एखाद्या प्रत्ययाचा अर्थ आपण चुकीचा लावला होता हे कळतं आणि तो जिथेजिथे आलाय ती सगळी वाक्यं हाताने शोधत बसावं लागतं. भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेचं ‘फील्डवर्क्स लँग्वेज एक्स्प्लोरर’ हे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांच्या तोंडी ‘फ्लेक्स’, या दुखण्यावरचं औषध आहे. फुकट मिळतं, विंडोज आणि लिनक्सवर चालतं. मॅकसाठी आवृत्ती नाही.

यातली खरी करामत म्हणजे कोश आणि संहिता एकमेकांना बांधलेल्या असतात. मुलाखतीचं लेखन ‘बेसलाइन’मध्ये टाकायचं, ‘अ‍ॅनालाइझ’मध्ये जाऊन प्रत्येक शब्द फोडायचा. कोरकूत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘-कू’ हा बहुवचनाचा प्रत्यय. दोन्हींची नोंद कोशात एकदा झाली की पुढच्या संहितेत फ्लेक्स तीच फोड स्वतःहून सुचवतो. उद्या ‘-कू’चा अर्थ कोशात बदललात तर तो सगळ्या वाक्यांखाली आपोआप बदलतो. नवखे लोक मात्र ‘ग्लॉस’च्या पानावरच पूर्ण शब्दाचा अर्थ लिहीत सुटतात. शंभर वाक्यं होतात, प्रत्ययांचा कोश रिकामाच. ‘अ‍ॅनालाइझ’मध्येच काम करा, आणि पूर्ण संहिता एका फटक्यात मान्य करणाऱ्या बटणापासून लांब राहा. आपल्याकडच्या ‘कर’सारखे एका रूपाचे तीन-तीन अर्थ त्या भाषांतही असतात, चुकीचा अंदाज एकदा मान्य झाला की पुढे तोच सुचवला जातो.

मांडणीच्या पहिल्या दिवशी भाषेचा कोड विचारला जातो: कोरकूचा केएफक्यू, निहालीचा एनएलएल. त्याच पडद्यावर अर्थ कोणत्या भाषांत लिहायचे तेही ठरतं. तिथे इंग्रजीबरोबर मराठी जोडाच. मुंडा कुळातल्या (कोरकू त्यातलीच) बऱ्याच भाषांमध्ये ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असे दोन ‘आम्ही’ असतात, शिवाय द्विवचन वेगळं. संताळीत ‘आलाङ’ म्हणजे तू आणि मी, ‘आलिञ’ म्हणजे मी आणि दुसरा कुणी. इंग्रजीत दोन्हींखाली ‘वी’ लिहून भेद पुसला जातो. मराठीत ‘आपण दोघे’ आणि ‘आम्ही दोघे’ इतकं लिहिलं की झालं.

आता देवनागरीची अडचण. हिच्याबद्दल कोणतीही सूचना-पुस्तिका पुरेसं बजावत नाही. फ्लेक्सचा फोड करणारा भाग अक्षरं नाही, संगणकातली चिन्हं जुळवतो. मराठीचंच उदाहरण घ्या. कोशात प्रत्यय ‘-आत’ असा स्वतंत्र ‘आ’ने लिहिला, तर ‘घरात’ची फोड होत नाही, कारण त्या शब्दात ‘आ’ नाहीच, नुसता काना आहे. म्हणजे स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रत्ययाची दोन रूपं भरा: एक स्वराचं, एक मात्रेचं. तीसेक प्रत्ययांची भाषा असेल तर हे काम डोकं उठवतं. म्हणून विश्लेषणाची मुख्य लिपी रोमन किंवा आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) ठेवावी आणि देवनागरी दुसरी लेखनपद्धती म्हणून शेजारी, छापील कोशासाठी. गावातल्या वाचकाला हवी ती देवनागरी मिळते, फोडही नीट होते.

तसाच दुसरा खड्डा ‘दऱ्या’सारख्या शब्दांचा. एक कळफलक नुक्त्याचा ऱ वापरतो, दुसरा साधा र आणि न दिसणारी जोडखूण. डोळ्याला शब्द एकच, फ्लेक्सला दोन. टंकन करणाऱ्या सगळ्यांचा कळफलक एकच असावा. रोमनमध्ये घशात हवा क्षणभर अडवून होणाऱ्या ध्वनीसाठी (ग्लॉटल स्टॉप) साधा अपॉस्ट्रॉफी टाकला तर तो विरामचिन्ह समजला जाऊन शब्द मधोमध तुटू शकतो. त्याऐवजी अक्षर म्हणून गणला जाणारा वेगळा अपॉस्ट्रॉफी घ्या आणि ‘व्हॅलिड कॅरेक्टर्स’मध्ये तो शब्दघटक आहे हे तपासा.

व्याकरणाचा विभाग ताकदीचा आहे, पण मेहनत मागतो. संताळीत ‘दाल’ म्हणजे मारणे, ‘दापाल’ म्हणजे एकमेकांना मारणे; ‘ञेल’ पाहणे, ‘ञेपेल’ एकमेकांना पाहणे. हा मध्यप्रत्यय, म्हणजे शब्दाच्या मधे घुसणारा प्रत्यय, शेजारच्या स्वराप्रमाणे बदलतो. सुरुवातीला चालू असणारा ‘एक्सअ‍ॅम्पल’ पार्सर (शब्द फोडणारा भाग) असे नियम समजत नाही. त्याला -पा-, -पे- अशी एकेक रूपं आणि प्रत्येकाची जागा भरून द्यावी लागते. ध्वनिनियम लिहायचे असतील तर ‘हर्मिटक्रॅब’ निवडा. तो हळू चालतो, पण नियम एकदाच लिहावा लागतो.

अर्थाच्या बाजूने ‘कलेक्ट वर्ड्स’ ही विषयवार शब्द गोळा करण्याची सोय फार उपयोगी. विश्वापासून व्याकरणापर्यंत नऊ मोठे गट आणि त्यांखाली सुमारे 1800 अर्थक्षेत्रं, प्रत्येकाला विचारायचे प्रश्न तयार. फक्त प्रश्न हिंदी-मराठीतून विचारले की उत्तरातही हिंदी-मराठीच शब्द येतात. ते गाळू नका, व्युत्पत्तीच्या रकान्यात उसने म्हणून नोंदवा. ध्वनिमुद्रणाशी वेळ जुळवून लेखन करण्याची सोय फ्लेक्समध्ये नाही. ते ईलान या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करावं आणि तिथून फ्लेक्सटेक्स्ट फाइल आणावी.

दोघे-तिघे मिळून काम करणार असाल तर ‘सेंड-रिसीव्ह’, म्हणजे एकमेकांचे बदल जुळवून घेणं, इंटरनेटशिवाय पेनड्राइव्हवरही होतं, मेळघाटात हेच कामाला येतं. आवृत्ती सगळ्यांची एकच हवी. आणि दोघांनी एकाच दिवशी एकच संहिता उघडू नये: दोघांनी बदललेल्या एकाच नोंदीत एकाचा बदल मागे पडतो, आणि ते अशा टकरींचा (‘कॉन्फ्लिक्ट’) अहवाल उघडल्यावरच कळतं.